भोंगीचं एक वाक्य

ता. ३, गुरुवार, दुपार

चि. भोंगी हिस आजीचा पोटभर आशीर्वाद.

तू म्हणशील, आजीला आता पत्र कुठून सुचलं, फोन आहे की घरात. अगं, फोनवर मला तुझं अर्धं कळतं आणि उरलेल्या अर्ध्याला मी हो हो करते. मागच्या वेळी तू काहीतरी सांगत होतीस, मी हसून "वा, छान झालं" म्हटलं. नंतर तुझी आई म्हणाली, "सासूबाई, ती दाढ दुखते म्हणत होती." तेव्हाच ठरवलं, आपण लिहायचं. माझं शिक्षण तुला माहीतच आहे. शाळेच्या आत जेवढी बसले त्याहून जास्त वेळ धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी राहिले. बाहेरून जेवढं दिसलं तेवढं शिकले. काना मात्रा इकडेतिकडे गेली तर तूच जागेवर बसव. पान लिहून झालं की शेजारची नर्सबाई फोटो काढून तुला पाठवते. ती म्हणते, मी वाचत नाही हो आजी. नर्सबाई, वाचत नसशील तर ठीक, पण वाचत असशील तर नेलेली किसणी आणून दे.

तर तुझा निरोप कळला. रविवारी तुमच्या कॉलेजचा मोठा उत्सव, नदीकाठच्या मैदानात तंबू, दिवे, गाणी, आणि बाहेरदेशातून आलेल्या प्रत्येक पोरापोरीने स्टेजवर उभं राहून आपापल्या भाषेत एक वाक्य बोलायचं. एकच. ते फोनवर इथे घरबसल्या दिसणार. हे सगळं ऐकूनच मी खूश होते, त्यात तुझी आई म्हणाली, "ती म्हणतेय, माझं वाक्य बाबांसाठी आहे. त्यांना बघायला सांगा." मला इतका आनंद झाला की गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मी नुसती बघत उभी राहिले. जाऊ दे म्हटलं, आज दुधालाही आनंद झालाय.

आता बापाला सांगायचं कोणी? तुझी आई म्हणाली, "तुम्हीच सांगा. ते काही बोलले तरी तुम्हाला ऐकू येणार नाही, तुमचं काय जातंय?" अशी ही सून. पण बरोबर आहे तिचं. जन्मभर मुलाच्या स्पीकरांच्या मागे भाकऱ्या केल्या, कान त्यांनीच खाल्ले.

गेले दुकानात. तो एका माईकचं पोट फाडून बसला होता, हातात डाग द्यायची सळई, तोंडात वायर. मी सांगितलं. त्याने वायर काढली आणि म्हणाला, "एक वाक्य कशाला? मागच्या वेळी एका शब्दात काम झालं होतं."

झालं. पुन्हा तिथेच गाडी. तू बॅग घेऊन दारात उभी होतीस तो दिवस. मला काही ऐकू आलं नव्हतं, पण दोघांची तोंडं समोर होती, आणि तोंड समोर असलं की माझं काही चुकत नाही. तू म्हणालीस, जाते. तो म्हणाला, जाते म्हणू नये, येते म्हणावं. तू म्हणालीस, यायचंच नसेल तर? आणि तुझे ओठ तेव्हा थरथरत होते, ते त्याने बघितलं नाही, कारण तो पाटीकडे बघत होता. ती पाटी. "माईकवाले आणि कन्या." तुला न विचारता रंगवून आणली होती ती, आणि तू म्हणालीस मी दुकानात बसणार नाही. तेव्हापासून ती तुझ्या खोलीत स्पीकरांच्या ढिगामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तोही तसाच.

पण एक सांगू? तू फोन करतेस ना आईला, तेव्हा तो दुकानातून ओरडतो, "फोन स्पीकरवर ठेव, माझ्या कामात काही अडत नाही." आणि त्याची सळई तेवढा वेळ हवेतच असते. मी बघते ना.

तर रविवारी तो बघेल की नाही, मला माहीत नाही. दोन ऑर्डरी आहेत म्हणतो. तू मात्र ठणठणीत बोल. लहानपणी रडायचीस तर कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा थांबवायचा. उगीच का बापाने भोंगी नाव ठेवलं?

तुझी,
आजी


ता. ७, सोमवार, सकाळ

चि. भोंगी,

बघितलं गं तुला. आधी ते सांगते, बाकीचं मागून.

लाल जाकीट छान दिसत होतं. बारीक झाली आहेस. केस कापलेस ते आईला सांगितलं नव्हतंस ना, त्यावरून इथे वेगळी चर्चा झाली.

फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मी, तुझी आई आणि नर्सबाई. नर्सबाई स्वतःचं स्टूल घेऊन आली, किसणी विसरली. आणि तुझा बाप, ज्याच्या दोन ऑर्डरी होत्या, तो वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून आत आला आणि फोनला मोठा स्पीकर जोडायला लागला. लग्नातला तो उंच काळा. तुझी आई म्हणाली, "अहो, घरात चार माणसं आहेत." तो म्हणाला, "आईला ऐकू येत नाही." माझ्या कानाचा असा उपयोग झाला बघ.

आणि मग तुमचं ते आभाळ. बाई गं. काय ते काळं. तू सांगितलेले कागदी दिवे ओले होऊन फांद्यांना चिकटले होते, त्यांचा रंग खाली गळत होता, जमिनीवर लाल निळे ओघळ. तंबूच्या कापडात पाणी साठून त्याचं पोट लोंबायला लागलं होतं आणि दोन माणसं खालून काठीने ते ढोसत होती, अन् ढोसलं की सगळं पाणी तिसऱ्याच्या डोक्यावर. माणसं खुर्च्या डोक्यावर घेऊन पळत होती. एक आजोबा मात्र छत्री न उघडता आइस्क्रीम खात उभे. खातायत खातायत, पण त्यात पाणी पडतंय, ते काही संपेना. मला हसू आवरेना. मग मनात आलं, माझी पोर पण तिथेच आहे भिजत, आणि मी इथे कोरड्या साडीत. तेव्हा हसू गेलं.

पहिला मुलगा बोलला, त्याचा आवाज आला, घराच्या खिडक्या थरथरल्या. दुसरी मुलगी अर्ध्यावर असताना आवाज गेला. चित्र आहे, आवाज नाही. मला वाटलं माझंच काही झालं. तुझा बाप उठला आणि सगळी बटणं पुढेमागे केली. मग खाली बसून म्हणाला, "आपल्याकडून नाही. त्यांनी तिकडे लाइट काढलीय. बरं केलं. ओला माईक आहे." मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. तू स्टेजवर आलीस तेव्हा तो फोनला सांगत होता, "हात लावू नको. पोरी, हात लावू नको त्याला."

तू लावलास. बोटाने दोनदा टकटक केलंस, त्यानेच शिकवलंय तसं. मेलेला माईक. तू त्याच्याकडे बघितलंस, मग तो सोडून पुढे आलीस, दोन्ही हातांचा तोंडाभोवती भोंगा केलास आणि बोललीस. इतक्या लांबून, इतक्या पावसात, तिकडच्या फोनच्या काचेवर थेंब, आणि आमच्या घरात तो एवढा मोठा स्पीकर नुसता हूं करत उभा. कोणीतरी तुला दंडाला धरून मागे ओढलं. मग चित्रात आभाळ दिसलं, मग कोणाचे तरी बूट, मग काहीच नाही.

तुझ्या आईने डोळे पुसले आणि केसांबद्दल बोलायला लागली. नर्सबाई स्टूल घेऊन गेली. तुझ्या बापाने स्पीकर बंदच केला नाही. बराच वेळ तो हूं करत होता आणि हा त्याच्यासमोर बसून होता, जसं काही अजून येणार आहे.

कोरडे कपडे घाल. डोकं नीट पूस. एवढंच मी इथून करू शकते, म्हणजे सांगू शकते.

आजी


ता. ९, बुधवार

चि. भोंगी,

तुला ताप आहे हे कळलं. आईला तू लिहिलंस की सगळा उत्सव वाहून गेला आणि वाक्याचं आता काही विचारू नका, झालं गेलं. बरं. नाही विचारत. पण इथे एक प्रकार झाला आहे, तो तुला माहीत असलेला बरा.

काल दुपारी तुझा बाप माझ्यासमोर येऊन बसला. नीट समोर, उजेडात, म्हणजे मला तोंड दिसावं म्हणून. लहान असताना काही हवं असलं की असाच बसायचा. म्हणाला, "आई, तू बघितलंस ना? तुला ओठांचं कळतं. काय म्हणाली ती?"

आता मी काय करू? त्याचे डोळे बघितले असतेस तर तूही हेच केलं असतंस. मी म्हटलं, "बाबा, येते. असं म्हणाली."

तो उठून गेला. जाताना चप्पल उलटी घालून गेला.

खरं सांगू? 'बाबा' मला स्पष्ट दिसलं. ओठ दोनदा मिटले, ते शपथेवर सांगते. पुढे तुझे हात आडवे आले. मध्ये एकदा तू आ वासलास, पण तेवढ्या पावसात कोणीही आ वासेल, ते मी धरलं नाही. आणि मग एकदा ओठ पसरले, दात दिसले. 'ये'ला पसरतात तसे. पण 'शी'लाही पसरतात, आणि थंडीनेही पसरतात. उरलेलं मी घरचं घातलं. आमटीत पाणी घालतात ना, पाहुणा वाढला की, तसं.

मला वाटलं, दारात जो शब्द राहिला तो निदान आता तरी म्हटला गेला असं होऊ दे. तुझं काही जात नाही, त्याला बरं वाटतं. तेव्हा तू काहीही म्हणाली असलीस तरी, पोरी, फोनवर विषय निघाला तर तू 'येते' म्हणालीस. समजलं ना? म्हातारीला खोटी पाडू नकोस.

आलं घालून चहा पी.

आजी


ता. १५, मंगळवार

भोंगी,

तुझं काही उत्तर नाही. ताप उतरला असं आई म्हणते. मग मला का लिहीत नाहीस? चिडलीस?

इथे माझ्या हातून गाडी सुटली आहे आणि आता ती उतारावर आहे.

तुझ्या बापाला मी 'येते' सांगितलं ते निरोपाचं येते. घरातून निघताना म्हणतो ते. तो वेडा काय समजला? तू येतेस. घरी येतेस. परवापासून तुझी खोली रिकामी करतोय. तुझ्या पलंगावर जे स्पीकर चढवले होते ना, ते एकट्याने उतरवले, कंबर धरली आहे तरी. भिंतीला रंग देतोय. कुठला रंग आवडेल म्हणून आईला विचारत होता, तिने मला विचारलं, मी कोणाला विचारू?

मी म्हटलं, "अरे, ते येते म्हणजे तसं येते नव्हे. जाते म्हणू नये म्हणून म्हणतो ना आपण, ते."

तो म्हणाला, "येते म्हणजे येते. त्यात तसं आणि असं काय असतं?"

"अजून तिचं शिक्षण बाकी आहे."

"सुट्टी असते की. तू बोललीस ते खरं ना? तूच बघितलंस ना?"

कान गेले त्याचं वाईट वाटलं नव्हतं, तोंड आहे याचं वाटायला लागलं. तुझी आई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणते, "तुम्ही नक्की काय सांगितलंत त्यांना? ते न्हाव्याला सांगून आलेत." न्हाव्याला म्हणजे झालंच. आता गावाला कर्णा लावायची गरज नाही. काल भाजीवाली मला विचारते, नात कधी येतेय? मी ऐकू न आल्यासारखं केलं. पहिल्यांदाच खोटं खोटं बहिरी झाले.

आणि ती पाटी सापडली. स्पीकरांमागची. मला वाटलं आता पुन्हा सुरू होणार सगळं. पण त्याने ती घासून पुसून घेतली, चार पाय ठोकले आणि तुझ्यासाठी टेबल केलं. अक्षरं खाली, कोरी बाजू वर. खिडकीशी ठेवलंय. मी खाली बसून बघितलं, 'आणि कन्या' अजून वाचता येतं, पण त्यासाठी माझ्यासारखं जमिनीवर बसावं लागतं.

मी त्याला सांगायला रोज जाते आणि रोज दुसरंच काही सांगून परत येते. काल सांगितलं, पंख्याला धूळ बसलीय.

तू येणार आहेस का गं? नसशील तर तेही लिही. पण मला लिही, त्याला नको.

आजी


ता. १८, शुक्रवार, संध्याकाळ

माझी भोंगी,

तुझं उत्तर नर्सबाईने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरून मला वाचू दिलं. अक्षर मोठं करून देते ती. चांगली आहे तशी.

म्हणजे तू येत नाहीस. या सुट्टीत नाही, पुढचं माहीत नाही, तिथे काम धरलं आहेस. आणि तू 'येते' म्हणाली नव्हतीस. तू म्हणाली होतीस, "बाबा, आवाज येतोय का?"

मी पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे तू वासलेला तो 'आ' मी धरायला हवा होता. तोच तर आवाज होता. आणि 'ये' मला दिसलं होतं, ते काही चुकलं नव्हतं गं. नुसतं पुढचं मागचं माझं होतं.

तू एवढीशी होतीस तेव्हा तो तुला न्यायचा ना कार्यक्रमांना. रिकामा हॉल, तू स्टेजवर खोक्यावर उभी, आणि तो पार शेवटच्या रांगेमागे. तू माईकमध्ये विचारायचीस, बाबा, आवाज येतोय का? तेवढ्या लांबून तो ओरडला तरी तुला कुठे ऐकू जाणार? म्हणून तो नुसता हात वर करायचा. तो हात दिसेपर्यंत तू विचारत राहायचीस. मी एका बाजूला डबा घेऊन बसलेली असायची. मला तेव्हा ऐकू यायचं.

आज जेवण झाल्यावर गेले त्याच्याकडे. पंख्याचं नाही बोलायचं असं ठरवून गेले. तो तुझ्या खोलीत होता, टेबलाच्या कडा घासत होता, लाकडाची कुसळं लागू नयेत म्हणून.

मी म्हटलं, "ती येत नाहीये. मी बघितलं ते चुकीचं बघितलं."

त्याने घासायचं थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे येते म्हणाली नाही?"

"नाही."

"मग काय म्हणाली?"

मी सांगितलं. तुझंच वाक्य, तुझ्याच शब्दांत, माझं काही न घालता.

तो खिडकीकडे वळला. पाठ माझ्याकडे. आता पाठीला काय ओठ असतात? काही बोलला की नाही, मला कळायचा मार्ग नाही. त्याचे खांदे हलले ते दिसलं, पण खांद्यांचं मला वाचता येत नाही. मी तिथेच उभी राहिले. जावं की थांबावं कळेना. पुढे जाऊन तोंड बघावं असंही वाटलं, पण पाय उचलला नाही. मुलगा पाठ करून उभा असला की आईने पुढे जाऊ नये, एवढं मला कळतं.

मग त्याचा हात वर गेला. उजवा. घासायचा कागद तसाच हातात. सरळ वर, शेवटच्या रांगेमागून करायचा तसा. आणि तो तसाच राहिला, खिडकीकडे तोंड करून, समोर कोण आहे तर नळाची टाकी.

मी बाहेर आले. आता हे लिहितेय तेव्हा आतून पुन्हा घासल्याचं दिसतंय, म्हणजे दारातून भुसा उडताना दिसतोय. तू येत नाहीस हे कळल्यावरही घासतोय. त्याला थांब म्हणावं का, मला कळत नाही. तुला ये म्हणावं का, तेही कळत नाही. तुझं काम आहे तिथे, ते सोडून ये असं कुठल्या तोंडाने सांगू, आणि या तोंडाचं काय होतं ते आपण बघितलंच. न्हाव्याला कोणी सांगायचं तेही ठरलेलं नाही. आज तो दुकानावरून गेला तर तुझा बाप त्याच्याशी पावसाबद्दल बोलला.

एवढंच जमेल तर कर. फोन करशील ना, तो चित्राचा कर. नुसत्या आवाजाचा नको. तुझा बाप स्पीकरवर ठेवा म्हणेल, ठेवू दे. तू तेच विचार, आणि त्याने काही उत्तर दिलं नाही तर लगेच ठेवून देऊ नकोस. थोडा वेळ बघत राहा.

वर केलेला हात ऐकू येत नाही गं.

तुझी,
आजी